हनियाचा दिवा, कॅप्टनचं आकाश

हनियाला आकाशाची भीती कधीच वाटली नाही. आकाश लांब होतं. तिला भीती वाटायची ती हाताच्या अंतरावरच्या गोष्टींची. बुटात शिरून बसलेला विंचू, डुलक्या घेत ट्रक हाकणारा ड्रायव्हर, घामेजल्या अंगाला लागणारा वारा, खजुराच्या शेंड्यावर ऐन वेळी सुटणारी दोराची गाठ. ऐन-रतब गावातल्या बायका म्हणत, "काळजी आमच्याकडे पाहुणी म्हणून येते. हनियाकडे ती घरजावई आहे."

लागोपाठ चार मुली झाल्या, वाढल्या, लग्न होऊन गेल्या. त्यांची काळजी तिने रीतसर केली, चौघींत वाटून केली. मग तिजानी झाला आणि उरलीसुरली सगळी काळजी त्या एकट्याच्या वाट्याला आली. पोरगा चांगला धडधाकट. नजर तर अशी की, झऱ्यापाशी उभा राहून पलीकडच्या बागेत कुठल्या झाडाचा घड पिकलाय ते सांगायचा. तरी हनियाला तो दर आठवड्याला थोडा वाळल्यासारखा दिसे.

ऐन-रतबच्या बागांना झऱ्याचं पाणी पाळीने मिळतं. पाळी पुष्कळदा दिवेलागणीला येते. माणसं बागेत असली की घरची बाई गच्चीवरून दिव्याने खूण करते. हाक मारायची रीत नाही, बाईचा आवाज भिंतीपलीकडे गेलेला गावाला खपत नाही. प्रत्येक घराची खूण निराळी. हनियाची खूण अशी: शालीआड दिवा दोनदा झाकायचा आणि मग हात लांब करून एकदा मोठं वर्तुळ काढायचं. अर्थ, पुरे झालं, घरी या, जेवण निवतंय. पाणी अजून निम्म्या आळ्यांत पोचलेलं नसे तोच ही खूण सुरू होई. शेजारच्या बागेतून हसून कोणी ओरडे, "बेल्गासेम, तुझा चंद्र उगवला रे!" बेल्गासेम म्हणजे हनियाचा नवरा. तो फावडं खांद्यावर टाकी, तिजानीला पुढे घाली आणि निघे. तो फारसं बोलत नसे. लग्नाआधी बोलायचा, असं त्याची बहीण सांगे.

तिजानीला लष्कराचं बोलावणं आलं तेव्हा हनिया सरळ आपल्या मामेभावाकडे गेली. आमोर लष्करात कोठारावरचा सार्जंट होता. गोल पोटाचा, थट्टेखोर.

"वर्षभराची तर गोष्ट आहे, हनिया. सगळ्यांची पोरं जातात."

"सगळ्यांच्या पोरांचं सगळे बघतील. माझं सीमेवर नको. तिकडे जमिनीत सुरुंग पेरलेत म्हणे."

"पेरलेत. पण सगळेच उगवतात असं नाही."

"आमोर!"

"अगं, गंमत केली."

"तुला पोरगा नाही म्हणून गंमत सुचते. सांग, खांदा देतोस की नाही?"

खांदा म्हणजे वशिला. ज्याला खांदा आहे त्याचं पोर घराजवळ राहतं, ज्याला नाही त्याचं पोर नकाशाच्या टोकाला जातं. आमोरने खांदा दिला. हनियाने पहिल्या तोडीचे, आतलं बी उन्हात धरलं तर दिसेल असे खजूर दिले. आणि तिजानी लागला तो गावामागच्या डोंगराच्या पलीकडे, मिठाच्या मैदानाच्या काठावर. नवीनच ठाणं होतं. काही तंबू, एक ट्रक आणि ट्रकवर दिवसभर गरगर फिरणारं लोखंडी सूप. सीमेपलीकडून येणारी विमानं त्या सुपात पाखडली जातात, असं आमोरने समजावलं. अंतर म्हणाल तर हनियाच्या बहिणीच्या सासरापेक्षाही जवळ. पण जायला बंदी.

पोरगा एवढ्या जवळ आणून ठेवला तरी हनियाचा जीव खाली बसेना. मग तिने नवस केला. डोंगराच्या माथ्यावर सीदी बूरीहची घुमटी आहे. वाऱ्याचा वली तो, दूर गेलेल्यांना घरी वळवतो. "माझा तिजानी सीमेवर न जाता परत येईस्तोवर दर गुरुवारी तिन्हीसांजेला तुझ्यापाशी दिवा लावीन," असं ती बोलली.

यात एकच अडचण होती. गावातले नवे इमाम दर्ग्या-घुमट्यांच्या विरुद्ध होते. मेलेल्या माणसाकडे काय मागता, असं ते दर शुक्रवारी विचारत. पुरुषांनी माना डोलावल्या. बायकांनीही मशिदीच्या अंगणात हात वर करून सांगितलं होतं, सोडलं. हनियाने तर सगळ्यांत आधी हात वर केला होता, तोही तिजानीच्या देखत. तेव्हा आता गावाच्या बाजूने डोंगर चढणं शक्य नव्हतं. ती मागच्या बाजूच्या, शेळ्यांच्या वाटेने चढली आणि दिवाही घुमटीच्या मागच्या कोनाड्यात ठेवला. त्या बाजूला मिठाचं मैदान. तिथे पहिल्यापासून कोणी राहत नव्हतं. दिवा वलीला दिसेल, अल्लाला दिसेल, गावाला दिसणार नाही. पलीकडे आता लष्कर येऊन बसलंय आणि त्याचं कामच मुळी बघत राहण्याचं आहे, हे ज्या बाईने आपला पोरगा खटपट करून तिथे बसवला तिच्याच ध्यानात आलं नाही.

पुढच्या गुरुवारी मनूबिया भेटली, तीही शेळ्यांच्या वाटेवर. म्हातारी, गुडघ्यांनी अधू, धाकटा नातू फौजेत. सगळ्या तिला 'खालती', म्हणजे मावशी, म्हणत. नंतर आणखी दोघी-तिघी. ज्यांची पोरं लष्करात होती त्या सगळ्याच एकमेकींना चुकवत तिथे येऊन पोचल्या. मनूबियाचा दिवा सगळ्यांत झोकदार. तिचा नवरा फॉस्फेट वाहणाऱ्या रेल्वेत गार्ड होता. त्याचा कंदील, एका बाजूला तांबडी काच, दुसऱ्या बाजूला हिरवी. चढताना तिचा हात थरथरे, कंदील फिरे, आणि डोंगरावर कधी तांबडं तर कधी हिरवं होई.

मिठाच्या मैदानाची खोड इथे कोणाला सांगावी लागत नाही. दिवसभर तापल्यावर तिन्हीसांजेला त्यावरची हवा लबाड होते. जमिनीवरची वस्तू उचलून आभाळात टांगते, एकाच्या दोन करते. डोंगराचा पायथा पार विरघळून जातो. पहाऱ्यावरच्या तिजानीला दिसलं ते असं: मैदानावर अधांतरी एक पिवळा ठिपका. मग तीन. एक तांबडा होतो, हिरवा होतो, फुटून त्याचे दोन होतात, सगळे ओळीने हळूहळू वर चढतात, थांबतात आणि खाली उतरून विझतात.

या बाजूने त्याने आपला डोंगर कधी पाहिलाच नव्हता. घुमटीचं नाव त्याच्या मनात आलं असतं, पण आईने हात वर करून 'सोडलं' म्हटलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं. आईच्या शब्दावर विश्वास ठेवणारा मुलगा तो. त्याने वायरलेसवरून वर कळवलं.

राजधानीहून कॅप्टन शाद्ली आला. उंच, हसतमुख, इस्त्रीच्या कपड्यांतला. आकाशातल्या अशा उमज न पडणाऱ्या दिव्यांचा तपास हेच त्याचं काम. दोन जीप भरून उपकरणं त्याच्याबरोबर होती. मुक्काम गावच्या उमद्याच्या, म्हणजे मुखियाच्या घरी.

एवढा मोठा पाहुणा एकाच घरी कसा जेवणार? आज या घरी कुसकुस, उद्या त्या घरी मुळुखिया, असं सुरू झालं. कॅप्टन जेवता जेवता विचारी, "तुम्हाला काही दिसलं का?" आता ऐन-रतबमध्ये पाहुण्याने एखादी गोष्ट मागितली आणि ती घरात नाही असं सांगायचं, म्हणजे नाक कापून घेण्यासारखं. ज्याच्याकडे कोकरू नसतं तो शेजाऱ्याकडून आणतो. तसंच झालं. उमद्याने तांब्याच्या परातीएवढा दिवा पाहिला होता. न्हाव्याने त्याच्यापेक्षा मोठा पाहिला, कारण जेवण त्याच्याकडे नंतर होतं. खुद्द इमामांनाही मागे राहता येईना. ते म्हणाले, "पाहिला. पण नमाजाची वेळ होती, म्हणून नीट पाहिला नाही." गावाच्या बाजूने काही दिसणं शक्यच नव्हतं, पण ते सांगणार कोण?

बेल्गासेमला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला बागेतून झाडं दिसतात."

"त्यांच्या वर?"

"वर खजूर."

कॅप्टनने सगळं ऐकलं आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. दिवे येतात ते गुरुवारीच. त्याने उमद्याला समजावलं, "पलीकडच्यांना शुक्रवारी सुट्टी. सुट्टीच्या आदल्या दिवशी नवं यंत्र उडवून बघतात, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतात." उमद्याने तोंडात बोट घातलं.

मग बेल्गासेमच्या घरची पाळी आली. कॅप्टन येताना तिजानीलाही जीपमध्ये घेऊन आला. पोरगा गणवेशात, ताठ, कानाच्या पाळ्या आनंदाने लाल झालेल्या. उभ्या जन्मात कोणी त्याच्याविषयी एवढं विचारलं नव्हतं. हनियाने कोकराचा सगळ्यांत मऊ तुकडा कॅप्टनकडे सरकवला आणि त्याच्याखालचा तिजानीकडे.

"लल्ला हनिया," घरच्या बाईला मान देऊन म्हणतात तसं कॅप्टन आदबीने म्हणाला, "मुलगा नव्हे, दुर्बीण जन्माला घातलीत. या ठाण्यावर ही नजर फुकट जाते. मी वर कळवतोय. याला दक्षिण सीमेवर पाठवू. अगदी पुढच्या चौकीवर."

हनियाच्या हातातली डाव भांड्यात बुडाली.

"पुढच्या म्हणजे?"

"त्याच्या पुढे आपली जमीनच नाही."

तिजानी ताटाकडे बघून हसत होता. बेल्गासेमने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

गुरुवारी दुपारी हनियाने सगळ्या बायकांना गोळा केलं. पीठ मळायच्या निमित्ताने, अर्थात.

"आज दिवे नकोत," ती म्हणाली. "दिवेच दिसले नाहीत तर हा बाबा कंटाळून जाईल."

"आणि नवस?" एकीने विचारलं.

"नवस मी केलाय, मी बघून घेईन."

त्या संध्याकाळी डोंगर काळाच राहिला. दुसऱ्या दिवशी आमोर सांगत आला, "कॅप्टन खूश आहे. म्हणतो, आपण नजर ठेवलीय हे त्यांना कळलं. माघार घेतली. आता सीमेवरच गाठायचं. पोराला लवकर पाठवा."

दिवे लावले तरी सीमा, नाही लावले तरी सीमा. हनिया रात्रभर तळमळली आणि सकाळी मनूबियाकडे गेली. "मी जाऊन खरं सांगते."

"सांग. मग इमाम सगळ्यांच्या नवऱ्यांना सांगतील."

"नवऱ्यांना माहीत नाही असं तुला वाटतं, खालती? दर गुरुवारी संध्याकाळी गावात चार-पाच घरांत बाई नसते आणि तिथला एकही पुरुष चहा मागत नाही."

म्हातारी विचारात पडली. "खरंच की. माझा जावईसुद्धा मागत नाही."

हनिया उमद्याच्या अंगणात गेली तेव्हा कॅप्टन पुदिन्याचा चहा पीत होता. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"ते दिवे आमचे आहेत, शाद्लीसाहेब. माझा आणि आणखी तिघी-चौघींचा. तांबडा-हिरवा मनूबियाचा. तिचा नवरा रेल्वेत होता, अल्ला त्याला जन्नत देवो."

"असं? आणि ते आकाशात चढले कसे?"

"पायवाटेने."

कॅप्टन हसला. वाईट हसला नाही, आईच्या वयाच्या बाईपुढे हसावं तसा हसला. "लल्ला, माझ्या यंत्रांच्या हिशेबाने ती वस्तू विमानापेक्षा मोठी आहे."

आता दिवा किती मोठा हे ठरवायचं तर तो किती लांब आहे ते आधी कळायला हवं. ते कॅप्टनने राजधानीहून निघतानाच ठरवलं होतं: सीमेपलीकडे. तेवढ्या लांब ठेवला, तर मनूबियाचा कंदीलही विमानापेक्षा मोठाच निघणार.

"चला, मी डोंगरावर दाखवते."

"मी या कामात बरीच वर्षं आहे," कॅप्टन समजुतीच्या सुरात म्हणाला. "एका आईने मला सांगितलं होतं, ते अग्निगोल वगैरे काही नव्हतं, माझी चुलीवरची कढई पेटली होती. का? तर पोराला साक्षीसाठी राजधानीला न्यायचं होतं. पोराला सोडवायचं म्हटलं की आया काय वाटेल ते सांगतात. सगळ्या सारख्या."

"मग सगळ्या खरंच सांगत असतील."

"बसा, चहा घ्या," कॅप्टन म्हणाला. "आणि काळजी करू नका. सीमेवर मी त्याला उबदार कोट द्यायला सांगेन."

परतताना हनियाला रडू आलं नाही, राग आला. गावाने खोटं सांगितलं ते या माणसाने ताटाबरोबर गिळलं आणि एक खरं सांगितलं तर घशात अडकलं. का, तर ते आईने सांगितलं. ठीक आहे. ज्याला आईचं ऐकायची सवय आहे त्यालाच सांगू.

पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी डोंगरावर पोचली. बरोबर सगळ्यात मोठा कंदील, वात नवी, तेल काठोकाठ. आमोरकडून तिला कळलं होतं, आज कॅप्टन स्वतः ठाण्यावर आहे, तिजानीला शेजारी घेऊन. बायका मागून धापा टाकत चढल्या. मैदान पिवळं पडलं, मग राखाडी. पलीकडचे तंबू पुसले गेले.

हनिया घुमटीमागच्या कातळावर उभी राहिली. तिने शालीआड दिवा झाकला. उघडला. परत झाकला. उघडला. मग हात खांद्यापासून ताठ करून एक मोठं वर्तुळ काढलं. पुरे झालं, घरी ये, जेवण निवतंय.

तिला वाटलं होतं, आता पोरगा ओरडेल, अरे ही तर माझी उम्मी! सगळे पोट धरून हसतील. पोराची फजिती होईल, तिची होईल, कॅप्टन संतापेल आणि सीमा टळेल. फजितीने कोणी मरत नाही. म्हणून तिने ती खूण पुन्हा केली आणि पुन्हा केली. हात भरून आला. मैदानातून काहीच उत्तर आलं नाही.

"चल गं," मनूबिया म्हणाली. "वारा सुटलाय. माझे गुडघे आणि तुझं तेल, दोन्ही संपलं."

नंतरचे दिवस हनियाने चुलीपुढे बसून काढले. बेल्गासेम रोज बागेतून लवकर येऊ लागला, खुणेची वाट न पाहता. शेवटी एकदाचा आमोर दारात उभा राहिला. तोंडावर असा काही भाव की हसावं की रडावं हे त्यालाच कळत नव्हतं.

"पाठवला?" हनियाने विचारलं.

"बसू तर दे. पाणी दे." पाणी पिऊन तो म्हणाला, "गुरुवारी शिधा पोचवायला मी ठाण्यावरच होतो. कॅप्टन दुर्बिणीला डोळा लावून नाचत होता. 'तांबडा! हिरवा! झाकला! परत झाकला! वर्तुळ काढतोय, पोरा, वर्तुळ! दिसतंय ना?' मला दिसत होतं. आमच्या स्वयंपाक्याला दिसत होतं, आणि त्याला रस्सा आणि पाणी यांतला फरक दिसत नाही. तुझ्या पोराने दुर्बीण खाली घेतली, पुसली, परत लावली. आणि म्हणाला, 'नाही साहेब. मला काही दिसत नाही.'"

"दिसत नाही म्हणाला?" हनियाने विचारलं.

"कॅप्टन म्हणाला, मग मागे पाहिलंस ते? तर म्हणाला, 'तेही आता नक्की सांगता येत नाही.' डॉक्टरला बोलावलं. पाटी टांगली. पोरगा पहिली ओळ कशीबशी वाचतो, खालच्या ओळीला म्हणतो, मुंग्या आहेत का? झालं. नजर अधू. सीमेला नालायक. माझ्या कोठारात पाठवलाय, कांदे निवडायला. वर लष्कराचा चष्मा मिळालाय, एवढ्या जाड काचांचा."

"आणि कॅप्टन?"

"त्याची बढती होईल. त्या वस्तूचा एकमेव खात्रीचा साक्षीदार आता तोच. स्वतःच सीमेवर चाललाय तिला गाठायला." आमोरने पेला पुढे केला. "त्याच्या आईला कोणी कळवलंय की नाही, कोण जाणे."

तिजानी वर्ष पुरं करून घरी आला तेव्हा गाव दारात जमलं होतं. ज्या पोराच्या नजरेने राजधानी हलली त्याच्या नाकावर चष्मा बघून लोक हळहळले. "जास्त बघितलं की असं होतं," न्हावी म्हणाला. सगळे गेल्यावर हनियाने जेवण वाढलं. तिजानीने भाकरी घ्यायला हात पुढे केला तो ताटाच्या कडेला आपटला.

"काढ तो चष्मा."

"राहू दे, उम्मी."

"त्यातून दिसतं का तुला?"

"धुरकट दिसतं. सवय झाली."

"इथे कोण आहे? मी आणि तुझा बाप."

"इमाम येणारेत भेटायला. काढला तर विचारतील, कधीपासून दिसायला लागलं, आणि मग विचारतील, काय दिसलं."

हनिया त्याच्यासमोर बसली. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्यांदा झाकलास तेव्हा. पण वर्तुळापर्यंत थांबलो. म्हटलं, दुसऱ्या कोणाची आई असेल."

"मग सांगायचंस की! हसले असते आणि सोडून दिलं असतं."

"हसले असते. मग डोंगरावर जीप पाठवली असती. मनूबिया खालतीला पळता येतं का?" त्याने कोकराचा तुकडा चाचपून उचलला. "आणि तू हात वर करून म्हणाली होतीस, सोडलं."

"इमामांपुढे म्हणाले होते. तुला थोडंच म्हणाले होते?"

बेल्गासेम खाली मान घालून जेवत होता. त्याचे खांदे हलत होते. हनियाला क्षणभर वाटलं त्याला ठसका लागला, तिने पाणी पुढे केलं. पण तो हसत होता.

नवस फेडायला गुरुवारी हनिया कुसकुसची परात घेऊन शेळ्यांच्या वाटेने निघाली तेव्हा मनूबियाचा कंदील तिजानीच्या हातात होता. गावाबाहेर पडल्यावर त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि झपाझप चढला. डोंगराच्या मागच्या बाजूने त्याने मैदानाकडे बघितलं. "तंबूबाहेर नवा पहारेकरी आहे," तो म्हणाला. "कांदा खातोय." हनियाने डोळे ताणले. तिला तंबूही दिसेना.

उतरताना गाव जवळ आलं तसा त्याने चष्मा परत नाकावर चढवला आणि पहिल्याच दगडाला ठेचकाळला. हनिया मागे राहिली आणि मनूबियाचा हात धरून हळूच म्हणाली, "खालती, त्या काचांनी पोराचे डोळे खरंच बिघडले तर?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

"पुढच्या गुरुवारी तू येशील ना?" हनिया म्हणाली. "एक दिवा डोळ्यांसाठी बोलते."